गुपित बोटीचा रोजचा अहवाल

एका जंगलात, बाळांनो, एक अफाट तळं होतं. अलीकडे लांडग्यांचं राज्य, पलीकडे हत्तींचं. दोघांत लढाई जुंपली होती. का, ते विचारू नका. लढणाऱ्यांनाही आठवत नव्हतं.

हत्तींची ऊस भरलेली गलबतं तळ्यातून जात. ती बुडवायला लांडगेमहाराजांनी सुतारपक्ष्याकडून पाण्याखालून चालणारी बोट करवून घेतली. ताडाचं पोकळ खोड, लाखेनं बुजवलेल्या फटी, श्वासाला बोरूची नळी. झाकण लावलं की बोट गुडुप! खुद्द सुतारपक्ष्यालाही ती सापडेना. तो आनंदानं नाचला.

कप्तान झाला पाणोजी पाणमांजर. वल्ही मारायला खारूताईच्या चार लेकी. त्यांना पोहता येत नव्हतं.

"वहिनी, पोरींना सुखरूप आणतो," पाणोजीनं खारूताईला शब्द दिला.

तेवढ्यात कळवाकळवी खात्याचे मंत्री मोरसाहेब एक शिंग घेऊन आले.

"रोज संध्याकाळी वर यायचं, हे फुंकायचं आणि कुठे लपलात ते महाराजांना कळवायचं."

"पण साहेब, हत्तींचे कान केवढे असतात!"

"अहवाल गोपनीय आहे. हत्ती तो ऐकणार नाहीत."

हुकूम तो हुकूम. पाणोजीनं शिंग फुंकलं. पलीकडच्या काठावर दूरदूर उभ्या असलेल्या दोन हत्तींनी कान टवकारले. एकानं इकडून सोंड रोखली, दुसऱ्यानं तिकडून. दोन्ही सोंडांचा रोख जिथे जुळला, तिथे धोंडे कोसळू लागले. बोट कशीबशी निसटून काठाला आली.

"साहेब, शिंग नको!" पाणोजीनं हात जोडले.

"खरंय. आवाज फारच बारीक आला," मोरसाहेब म्हणाले आणि त्यांनी मोठं शिंग दिलं.

पुढच्या संध्याकाळी हत्तींचा नेम चुकला नाही. लाख फुटली, पाणी आत घुसलं. पाणोजीनं अंधारात चाचपडून पाहिलं, पण एकही खार हाती लागली नाही. तो एकटाच वर आला. फार वाईट झालं, बाळांनो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ उलटल्यावर रडतरडत तो दरबारात पोचला, तर तिथे पेढे वाटणं चाललेलं!

"आज शिंग नाही की काही नाही!" महाराज खूश होते. "बोट इतकी छान लपलीय की आपल्यालाही पत्ता नाही!"

"महाराज, बोट तळाशी..."

मोरसाहेबांनी झटकन त्याच्या तोंडावर पंख ठेवला. "शूऽऽ! बोट कुठे आहे हे चारचौघांत बोलायचं नसतं."

दाराशी खारूताई उभी होती. तिनं आपल्यातला अर्धा पेढा पाणोजीपुढे धरला.

"घ्या भावजी. पोरी छान लपल्यात म्हणे."

तात्पर्य: लपलात तर वरिष्ठांना रोज न चुकता कळवा. बुडालात तर मात्र कळवू नका. त्यांच्या आनंदावर विरजण पडतं.