उंदरांच्या तहानेचा डॉक्टर

माझी बायको जायच्या चार दिवस आधी आमी दोघं सुधाकर डॉक्टरला शेंगांची चटणी द्यायला गेलो. तेच आमचं जोडीनं शेवटचं कुठं जाणं. चैताचं ऊन, घसा वाळलेला. आमच्या बेंबळी गावात दारात वैरी आला तरी आधी तांब्या पुढं करतात, मग काम विचारतात. हा खुर्चीतून म्हणाला, "तहान लागलीय का, तात्या? रुपयात मोजली तर किती आणे?"

ही म्हणाली, "भावजी, आलेल्याला पाणी द्याचं असतंय, परीक्षा न्हाय घ्याची." आन् सरळ त्याच्या सैपाकघरात जाऊन तिघांसाठी पेले भरून आणले. ती प्यायल्यावर डॉक्टरनं तिचा पेला उजेडाला धरला, तळाला किती उरलं ते बघितलं आन् वहीत लिहिलं.

दुसरीपर्यंत आमी एका बाकावर होतो. मग म्या ढोरं राखली, तो शिकत गेला. आता तोंडावर मी त्याला तुमी म्हणतो. लिहिताना तेवढं जमत न्हाय.

हा औषधाचा डॉक्टर न्हाय. पस्तीस वर्षं मोठ्या शहरात उंदराच्या मेंदूवर काम केलं. उंदराला तहान कशानं लागते आन् कशानं भागते, एवढंच. त्याला पगार मिळाला. आमच्या घरात उंदरं फुकट तहानलेली असतात, कुणी विचारत न्हाय.

गावात परत आला तेव्हा लोक ताप-खोकला घेऊन त्याच्याकडं जायचे. एकाला झोपेत उंदीर चावला. डॉक्टरनं विचारलं, "नर होता का मादी?" तो म्हणाला, "साहेब, अंधारात वळख झाली न्हाय." डॉक्टर हळहळला. त्या माणसासाठी न्हाय, माहिती राहिली म्हणून.

मादीचं त्याला भारी कवतिक. अंगात हार्मोन नावाचा रस असतो म्हणे, तो मेंदूला निरोप पोचवतो. उंदरिणीत एक रस चढला की ती पाणी कमी पिते, दर चार दिवसांतून एकदा. मागं एकदा हे ऐकून ही पदर तोंडाला लावून हसली. "म्हंजे उंदरिणीला बी उपास असतोय की!" डॉक्टरनं तेबी लिहून घेतलं. मग बचत गटात जाऊन त्यानं बायांना विचारलं, महिन्यातल्या कोणच्या दिवसांत तुमची तहान कमी होते. डॉक्टर घरी पोचला. चपला दुसऱ्या दिवशी पोचल्या.

नळ आठ-आठ दिवस येईना म्हणून ग्रामसभा भरली, तर हा उभा राहिला. "तहान पाणी कमी झाल्यानंच लागते असं नाही. रक्तात मिठाचं प्रमाण वाढलं तरी मेंदू पाणी मागतो." सरपंचाचं तोंड उजळलं. "ऐका! एवढा शिकलेला माणूस सांगतोय. टंचाई न्हाय. भाजीत मीठ कमी घाला." मागून एक म्हातारी वरडली, "सरपंचा, तुझ्या टाकीला मीठ लागलंय व्हय रं?" डॉक्टर खाली बसून मला म्हणाला, "माझं शास्त्र बरोबर आहे, तात्या." म्हणलं, "शास्त्र बरोबर हाय, सभा चुकली."

त्याचं एक पेटंट वाक्य होतं: "पोटाला नाही, मेंदूला विचारून प्या."

मग ही गेली. भाकरी थापताना बसल्या जागी कलंडली. डॉक्टर म्हणाले काळीज थांबलं. औषधाचे डॉक्टर, हा न्हाय.

त्यानंतर मला तहानच लागंना. चुलतभावाची सून डबा आन् पाणी ठेवून जायची. डबा अर्धा खायचो, पाणी तसंच. चाळीस वर्षं कुणीतरी "घ्या" म्हणून हातात पेला दिलेला. आपण होऊन उठून घ्यायचं असतं, हे ध्यानातच येईना. तिसऱ्या आठवड्यात अंगणात चक्कर येऊन पडलो. दवाखान्यात सलाइन लावली. पुन्हा असं केलं तर म्हातारा हाती लागायचा न्हाय, असं तिथं सांगितलं. संध्याकाळी घरी आणलं तर सुधाकर डॉक्टर उशाशी बसून.

"का पीत नव्हता?"

"तुमीच म्हणता मेंदूला इचारा. इचारलं. नको म्हणला."

त्यानं चष्मा काढला. "म्हातारा मेंदू खोटं बोलतो, तात्या. अंग वाळत जातं, त्याला खबर नसते. म्हातारे उंदीर असेच. पाण्याची नळी तोंडासमोर, पण पीत नाहीत."

"मग तुमी काय करायचा?"

"वजन करायचो. लिहायचो."

"पाजत नव्हता?"

"प्रयोग बिघडला असता." मग म्हणाला, "एक होता. कानाला खाच होती. माझी चाहूल लागली की पिंजऱ्याच्या कडेला यायचा. त्याला एकदा बोटानं दोन थेंब पाजले. पुढची त्याची सगळी नोंद फेकावी लागली. का, ते कुणाला सांगितलं नाही."

पस्तीस वर्षांत माणसानं केलेली एक लबाडी, आन् ती सांगताना त्यानं तेच बोट पुढं धरलं होतं.

म्हणलं, "तुमचं वय किती?"

"तुमच्याएवढंच की."

"आज पाणी कवा पिलात?"

त्यानं सवयीनं वही चाळली. तिच्यात आमची आळी होती, सरपंच होता, दोन म्हशी होत्या. तो सोता कुठंच नव्हता. "सकाळी अर्धा पेला घेतला असेल," म्हणाला. दिवस मावळून गेलता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. हिची कळशी पालथी होती, ती उचलली आन् रांगेत जाऊन उभा राहिलो. आमच्याकडं बापे नळाला जात न्हाईत. एक म्हणाली, "तात्या, वाट चुकलाव का?" म्हणलं, "हसून झालं की पुढं सरक." कळशी कमरेवर बसंना, खांद्यावर ठरंना. शेवटी डोक्यावर घेतली, निम्मी धोतरावर सांडली. राहिली ती डॉक्टरच्या माठात ओतली. पेला भरून त्याच्या हातात दिला आन् समोर बसून राहिलो. तो सगळा प्याला. मग म्याबी प्यालो.