मुनी राजाला साप देतात

भिकाजीकाकांमुळे मला भर रंगमंचावर साप मिळाला. देवळाच्या उत्सवातलं नाटक होतं आणि मी राजा होतो. मुनी संतापले, त्यांनी कमंडलू खाली ठेवला आणि झोळीतून एक हिरवागार रबरी साप काढून माझ्या हातात दिला. मी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. दुसरं काय करणार? नाटकाच्या प्रतीत तसंच छापलेलं होतं : 'मुनी रागावून राजाला साप देतात.'

तो शाप होता. पण काकांच्या कीबोर्डात 'श' नाही.

काका हळर्णला आमच्या शेजारी राहतात. पूर्वी डिचोलीकडच्या एका खाणीवर कामगारांची हजेरी मांडायचे. काम सुटलं तेव्हा तिथल्या कचेरीतला मोडीत निघालेला संगणक त्यांनी मागून आणला आणि त्यावर देवळासाठी नाटकं लिहायला लागले. मराठी ते इंग्रजी अक्षरांनी टाइप करतात, आपण मोबाइलवर करतो तसं. त्यातलं 'एच'चं बटण केव्हाच मेलंय. एच गेला की 'ख'चा 'क' होतो, 'ध'चा 'द', 'श'चा 'स'. आणि 'ह' तर पुरता बेपत्ता. पहिल्याच पानावर असतं, 'लेकक : बिकाजी'.

माझ्या भूमिकेत ठिकठिकाणी कंसात 'राजा असतो' असं होतं. तिथे मला हसायचं होतं, हे मला उत्सव उरकल्यावर कळलं. तोवर मी नुसता असायचो. पण खरा कळस राणीच्या प्रसंगात झाला. 'राणीसरकार, दीर दरा,' असं दासीचं वाक्य. दासी झालेली मुलगी हुशार. 'दरा' चुकलंय हे तिने ओळखलं आणि 'धरा' केलं. 'दीर' हा शब्द मात्र बरोबरच होता, त्याला तिने हात लावला नाही. राणीने बाजूला उभ्या असलेल्या सेनापतीचा, म्हणजे नाटकातल्या दिराचा, दंड घट्ट धरला. तो बिचारा उत्सवभर मान खाली घालून फिरत होता.

काकांना काही वाटलं नाही. कोणी चूक दाखवली की त्यांचं उत्तर तयार असतं : "अर्थ लागता मरे? मग जालें!"

"काका, राणी दिराक धरता, हेचो अर्थ काय?"

"संकटात घरचीच माणसां लागतत."

पूर्वी मात्र असं होत नसे. काकांच्या सगळ्या नाटकांना मांद्र्याचे सगुणभाऊ प्रॉम्प्टर असायचे. काकांचे शाळेपासूनचे दोस्त. तालमीतच ते एकेक चूक पकडायचे, सगळ्यांसमोर काकांची अक्कल काढायचे आणि वाक्य सरळ करायचे. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, आणि काकांचं नाटक पहिल्यांदाच न तपासता उभं राहिलं.

उत्सव समितीने काकांना बजावलं : यंदा प्रत शुद्ध आली नाही, तर नाटकमंडळी बाहेरून बोलावू. म्हणून मी डिचोलीहून त्यांना नवा कीबोर्ड आणून दिला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला, दोन बटणं दाबली.

"बाबू, हो वाजणा ना रे!"

"लिवायचो आसा काका, वाजवायचो ना."

कुरकुरत का होईना, त्यांनी पहिला अंक त्याच्यावर लिहिला. मी वाचला. ख, घ, भ, सगळे जागच्या जागी. मला अगदी धन्य वाटलं. मग आठवड्याने दुसरा अंक हातात आला. पहिलीच ओळ : 'राजा गोड्यावर बसून येतो.'

तसाच काकांकडे गेलो. नवा कीबोर्ड खोक्यात घालून कपाटावर ठेवलेला, आणि काका जुन्यावर खडखड करत तिसरा अंक संपवत होते. मी चिडलो. "काका, यंदा नाटक जाता आमच्या हातचा! तुमका कळता काय?"

काकांनी शेवटची पानं छापून दोन्ही अंक पिशवीत घातले आणि म्हणाले, "स्कूटर काड. मांद्र्याक जावया."

सगुणभाऊंच्या मुलाने पुढच्या खोल्या पर्यटकांना दिल्यात. बाल्कांवात, पुढच्या ओट्यावर, परदेशी टॉवेल वाळत होते. मागच्या खोलीत, जनेलाच्या गजांशी लावलेल्या खाटेवर सगुणभाऊ. उजवी बाजू निकामी, जीभ जड. काकांनी त्यांच्या पुढ्यात पाट ठेवला, पाटावर दुसरा अंक, डाव्या हातात लाल पेन. सगुणभाऊ अक्षर अक्षर लावत वाचू लागले आणि अर्धं तोंड हसलं.

"भिकू... गाढवा... राजा गोड्यार बसता? मुंगे लागतले मरे!"

त्यांनी 'ग'वर काट मारून वर 'घ' काढला. मग पुढची चूक, मग पुढची. प्रत्येक चुकीला काकांना एक शिवी. चहा घेऊन आलेली सून दारातच थांबली. "दिसभर तोंडातून सबुद काडनत नाय," ती मला हळूच म्हणाली. "ह्ये काका इले की बोलतत."

काका माझ्याकडे न बघता पुटपुटले, "पयलो अंक तुज्या कीबोर्डार लिवलंय. सगुणान सगळो वाचल्यान, एक चूक मिळाक नाय. पेन ठेवल्यान आणि भिंतीकडे तोंड करून रवलो."

"समितीची शुद्ध प्रत मी करून देतंय," एवढंच म्हटलं. सगुणभाऊंच्या लाल खुणा बघून तेवढं मला जमलं असतं.

शेवटचं पान झालं. सगुणभाऊ दमले होते, पण डोळे लकाकत होते. "फुडलो अंक?" त्यांनी विचारलं.

पिशवी माझ्याच मांडीवर होती. तिसरा अंक काढायला मी आत हात घातला, तर काकांनी माझं मनगट धरलं.

"खंय जालो अजून!" काका म्हणाले. "अर्धोच जालो. फाल्या सकाळी हाडतंय."

"बेगीन ये," सगुणभाऊ म्हणाले. त्यांनी दातांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन आपल्या उशीखाली सारून ठेवलं.