कुबेरबोंडाचं लोणचं

या चवथीला माटोळीत पांडुरंगाला हरवायचंच, असा सगुणने विडा उचलला होता. गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-पानं टांगायची ती माटोळी कारापुरात घरोघरी असते. पण स्पर्धेतलं पहिलं बक्षीस मात्र दर वर्षी शेजारच्या पांडुरंगाकडेच जायचं.

अशात सगुणला डोंगरावर दालचिनीच्या झाडाला लोंबणारं एक तपकिरी बोंड सापडलं. कागदासारखी साल, वर चिकटलेलं पान. आपण हे फळ पाहिलेलं नाही, म्हणजे कोणीच पाहिलं नसणार, अशी त्याची खात्री झाली. वाटेतच त्याने त्याचं बारसंही उरकलं: कुबेरबोंड.

"अवो, त्या झाडार पीठ फासल्यासारख्यो जाड्यो अळयो होत्यो," बायको सरस्वती म्हणाली. "ह्या तेंचाच काय तरी असतला."

"अळयेक अक्कल असता. बऱ्या झाडारच चडता," सगुणने विषय संपवला.

परीक्षक आले तेव्हा दारात सगळा शेजार जमला होता. सगुणने वर बोट केलं. "ह्या कुबेरबोंड. पोटदुखयेर रामबाण. आमचो आजो ह्याच्यारच जगलो."

परीक्षकांना ते काय आहे हे ठाऊक नव्हतं. पण एवढ्या लोकांसमोर परीक्षकाने तसं म्हणायचं कसं? "अरे वा, कुबेरबोंड!" ते म्हणाले. "आमची आई याचं लोणचं घालायची. आता कुठे मिळतंय म्हणा!"

सरस्वतीने चहा आणि नेवऱ्या पुढे केल्या आणि बोंड हललं. टोकाला भोक पडलं. एक ओला, केसाळ जीव बाहेर आला आणि सालीला लोंबकळत राहिला. त्याचे चुरगळलेले पंख हळूहळू ताणले गेले. गप्पा संपेपर्यंत गणपतीच्या डोक्यावर ताटाएवढा तांबूस पतंग पसरला होता, पंखांच्या टोकांवर नागाची तोंडं रंगवल्यासारखा. या पतंगाला खायला तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं त्यावर तो पुढचे थोडे दिवस काढतो. तोंडाचं काम त्या खोलीत इतर दोघे करत होते.

पांडुरंग खो-खो हसत सुटला. "सायब, हेचाच लोणचा खाल्लात मा तुमी?"

सगुणने मनातल्या मनात हिशेब केला: बक्षीस तर गेलंच, वर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. परीक्षक मात्र डगमगले नाहीत. सगुणला खोटं ठरवायचं, तर स्वतःच्या आईलाही खोटं ठरवावं लागणार होतं.

"पिकल्यावर असंच होतं," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून लोणचं कोवळ्याचं घालतात."

आणि पहिलं बक्षीस सगुणला मिळालं.

पुढच्या चवथीला पांडुरंगाने डोंगर पालथा घालून सापडतील तेवढी बोंडं आणून टांगली. ऐन परीक्षणाच्या संध्याकाळी त्याची अर्धी माटोळी उडाली आणि सगुणच्या घरच्या दिव्याभोवती जाऊन बसली. परीक्षकही तिच्या मागोमाग तिकडेच गेले.