खुर्चीचा डावा हात

"काहीही चालेल," बाबा म्हणाले आणि त्यांच्या लेकीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

लेक फर्निचर बनवायची. जिन्याखाली मावणारा पलंग, मांजर चढू शकणार नाही असं कपाट. गिऱ्हाईक जितक्या अटी घाली, तितकं तिचं डोकं जोरात चाले. बाबांची मात्र अटच नव्हती. आई पडल्यापासून अंथरुणाला खिळली होती आणि बाबा दिवसभर तिच्याजवळ स्टुलावर बसून पाठ दुखवून घेत होते. त्यांना अगदी मनासारखी खुर्ची द्यायची, असं लेकीने ठरवलं होतं. फक्त ते मन काही सापडत नव्हतं.

"उंची किती ठेवू?"

"तू म्हणशील ती."

"खुर्चीला हात हवेत ना?"

बाबा घुटमळले. "तुला बरं दिसेल तसं कर."

रान मोकळं मिळाल्यावर लेक सुटलीच. उंच पाठ, रुंद हात, एका हातात पुस्तकाची जागा, दुसऱ्यात चष्म्याचा कप्पा. सगळी मापं झाली, खोलीच्या दाराचं तेवढं राहिलं.

खुर्ची दारात अडली. आडवी केली, उलटी केली. "जरा तिरकी घेऊ," म्हणत जावयाने जोर लावला, तशी ती अशी रुतली की पुढे जाईना, मागे येईना. आईबाबा आत, लेक-जावई बाहेर.

"माझा चहा?" आतून आईचा आवाज आला.

जावई पोटावर झोपून फटीतून कप सरकवू लागला. अर्धा चहा त्याच्या बाहीत गेला.

"खुर्ची छान आहे हं," आई म्हणाली. "इथून बूडच दिसतंय, पण छान आहे."

लेक रडकुंडीला आली. "एक हात कापावा लागणार."

"डावा!" बाबा आतून ओरडले.

"डावाच का?"

"कोणताही चालेल गं," बाबांचा आवाज एकदम पडला. "पण डावा."

करवत चालली, खुर्ची सुटली आणि पलंगाला खेटून बसली. बाबा लगेच तिच्यात विसावले. लेक स्क्रू आणि कापलेला हात घेऊन आत आली. आता खोलीतल्या खोलीत तो पुन्हा जोडायला कसली अडचण?

"बाबा, जरा उठा. हात बसवून देते."

बाबा उठले नाहीत. त्यांच्या डावीकडे पलंग होता, मध्ये काहीच नव्हतं आणि आईचा हात त्यांच्या हातात होता. चारचौघांत बायकोच्या शेजारी बसायलाही लाजणारा माणूस! त्यांचे कान लाल झाले, पण हात काही त्यांनी सोडला नाही. एवढी एक अट सांगायला त्यांना जमलं नव्हतं. लेकीला गलबलून आलं.

"नंतर बघू," बाबा पुटपुटले.

"नंतरही नको," डोळे मिटूनच आई म्हणाली.