आक्कांनी सांभाळलेला दवाखाना

"दवाखाना सांभाळायला काय लागतं गं? मी घर सांभाळलंय, तेसुद्धा तुझ्या सासऱ्यांसकट!" असं म्हणून आक्का काउंटरमागच्या फिरत्या खुर्चीत बसल्या. खुर्ची गर्रकन फिरली आणि आक्का भिंतीकडे तोंड करून थांबल्या. "भिंत पुसायला झालीय," असं म्हणत त्या परत वळल्या. चूक झाली असं म्हणायची त्यांना सवयच नव्हती!

आक्कांचा मुलगा हाडांचा डॉक्टर. त्यातही खेळाडूंच्या हाडांचा! कुणाचा गुडघा मैदानात फिरला, कुणाचा खांदा निखळला, की तो यांच्या दारात. मुलगा ऑपरेशन करायचा आणि सूनबाई नंतर व्यायाम करून घ्यायची. त्या दिवशी काउंटरवरची मुलगी तापाने झोपली, मुलगा मोठ्या इस्पितळात ऑपरेशनला गेलेला, म्हणून आक्कांची नेमणूक झाली.

सूनबाईने बजावलं, "आक्का, आज फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक येणार आहेत, त्यांच्या गोलकीपरला घेऊन. त्याच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय. इथे पसंत पडलं तर सगळी टीम आपल्याकडे. नाहीतर चौकातल्या मोठ्या डॉक्टरांकडे. तुम्ही फक्त नाव विचारा आणि बसवा."

"आणि?"

"आणि काही नाही."

काही नाही! आक्कांना काही नाही सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला बसवून वर डोळे मिट म्हणणं!

सूनबाई आत पेशंटकडे गेली. बाकावर खांद्याला पट्टा बांधलेली एक पोहणारी बाई होती, कुबड्या घेतलेला एक धावपटू होता. तेवढ्यात प्रशिक्षक आले. मागून दाराएवढा गोलकीपर लंगडत आला आणि दोन खुर्च्या अडवून बसला. एवढा मोठा गडी, पण चेहरा शाळेच्या पहिल्या दिवसाचा!

"मावशी," तो हळूच म्हणाला, "डॉक्टरांचा हात कसा आहे हो?"

आता माणसाने विचारल्यावर गप्प बसायचं?

"हात? अरे, माझ्या पोटचा आहे तो! लहानपणी माझं शिलाई मशीन त्याने अख्खं खोललं आणि परत जोडलं! तीन तुकडे उरले, तरी मशीन आजही चालतंय!"

"उरले म्हणजे?"

"नको असतील ते. कंपन्या उगाच जास्तीचं घालतात."

पोहणाऱ्या बाईने नकळत खांद्यावर हात ठेवला.

प्रशिक्षकांनी घसा साफ केला. "रक्ताबिक्ताची काही भीती नसेलच म्हणा त्यांना."

"छे छे, आता कुठली! पूर्वी बोट कापलं तरी आडवा व्हायचा. कॉलेजात पहिलं ऑपरेशन बघायला गेला, तर पेशंटच्या शेजारी यालाच झोपवावं लागलं. आता बघा! सकाळी दोघांना कापून येतो आणि वर दोन पोळ्या जास्त खातो!"

धावपटूने कुबड्या जवळ ओढल्या. "पण... खेळाडूंचेच डॉक्टर का झाले?"

"स्वतः पळायचा ना! एकदाच पळाला. आपल्याच बुटाची नाडी तुडवली आणि घोटा मोडला. प्लास्टर घालून पडल्या पडल्या हाडाच्या डॉक्टरांना नावं ठेवायचा. मी म्हटलं, एवढं कळतंय तर तूच हो की! झाला!"

आक्का समाधानाने मागे रेलल्या. पोहणाऱ्या बाईला एकाएकी घरचा गॅस चालू राहिल्याचं आठवलं. धावपटू कुबड्या काखेत मारून असा सुटला की त्या जमिनीला टेकवायलाही विसरला. आक्का मनात म्हणाल्या, डॉक्टर भेटायच्या आतच गुण यायला लागला की!

"आम्ही जरा चहा घेऊन येतो," प्रशिक्षक म्हणाले आणि गोलकीपरच्या काखेत हात घालून जिन्याकडे निघाले.

सूनबाई बाहेर आली. बाक रिकामे!

"आक्का, लोक कुठे गेले?"

"चहाला. सगळे एकदम. काय एकोपा असतो गं खेळाडूंत!"

"तुम्ही काय बोललात?"

"वाईट एक शब्द नाही. नुसतं कौतुक केलं माझ्या लेकाचं!"

"कौतुक!" सूनबाई मटकन खाली बसली. "अहो, किती वर्षं या दिवसाची वाट बघत होते ते! रात्री झोप नव्हती त्यांना. आज हे चौकात गेले ना, तर दुसरा कुठला क्लब इकडे फिरकायचा नाही."

आक्कांचा चेहरा उतरला. त्या उठल्या आणि जिन्याकडे धावल्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आक्कांचा उजवा गुडघा कितीतरी दिवस ठणकत होता, आणि ते घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. चारचौघांत त्या अशा ताठ चालायच्या, जणू पाठीला पट्टी बांधलीय! त्या दिवशी मात्र कठडा धरून, "आई गं, आई गं" करत, खेकड्यासारख्या आडव्या आडव्या उतरल्या.

खाली गोलकीपरचा अर्धा देह गाडीत गेला होता, अर्धा बाहेर होता. नेमका त्याच वेळी आक्कांचा मुलगाही फाटकातून आत आला.

"थांबा!" आक्का ओरडल्या. "लाखात एक हात आहे त्याचा!"

गोलकीपरने त्यांच्या पायाकडे पाहिलं. "मावशी, तुम्हीच लंगडताय की! तुम्ही द्याल का तुमचा गुडघा त्यांच्या हातात?"

आक्का शेवटच्या पायरीवर बसल्या आणि पाय पुढे केला. "घे रे! काप! आत्ता, इथेच काप!"

मुलाने पिशवी खाली ठेवली, उकिडवा बसला, गुडघा दाबला, वाकवला, सरळ केला.

"कधीपासून दुखतोय, आई?"

"दुखतोय कुठे? तुला कापायचा तेवढा काप."

"जिना उतरताना?"

"...हं."

"मला का नाही सांगितलंस?"

"गुडघ्याच्या डॉक्टरची आई लंगडते असं लोकांना दिसलं, तर तुझ्याकडे कोण येईल रे?"

मुलाने तो पाय अलगद खाली ठेवला.

"मग ऑपरेशन कधी?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"ऑपरेशन कशाला? आत कापण्यासारखं काही नाहीये. मांडीचे स्नायू ढिले पडलेत. व्यायामाने बरं वाटेल."

"कमाल आहे!" प्रशिक्षक म्हणाले. "चौकातल्या डॉक्टरांकडे मी नुसता सोबत गेलो होतो, तर ते मलाच टेबलावर घ्यायला निघाले होते!"

"आणि माझं?" गोलकीपरने विचारलं.

"तुमचं करावं लागेल. तुटलेलं लिगामेंट व्यायामाने जुळत नाही. आणि नंतरही बरेच महिने मैदान मिळणार नाही. राग आला तरी आत्ताच सांगून ठेवतो."

गोलकीपरने गाडीतला अर्धा देह बाहेर काढला आणि जिन्याकडे वळला. प्रशिक्षकांनी गाडीचं दार लावून घेतलं.

सगळ्यांना आनंद झाला. फुगल्या त्या एकट्या आक्का! "म्हणजे? मी एवढा पाय पुढे केला आणि माझ्यात कापण्यासारखं काहीच नाही?"

गोलकीपरच्या ऑपरेशनला सगळा क्लब फुलं घेऊन आला. सख्ख्या आईला मिळाला रबराचा पट्टा! आता रोज सकाळी त्या पलंगावर उताण्या असतात आणि उशाशी सूनबाई उभी असते.

"पाय सरळ, आक्का. वर घ्या. अजून वर. धरून ठेवा!"

आणि आक्का धरून ठेवतात. काय करणार? पाय हवेत असताना सुनेशी भांडता येत नाही. त्यांनी करून पाहिलंय!