फुलं माझी, पिशवी तुझी

रोह्याच्या पुलावर गाडी थांबवून कुणी निर्माल्याची पिशवी कुंडलिकेत भिरकावणार, तेवढ्यात मागून एक हात यायचा. "फुलं माझी, पिशवी तुझी." हा हात ताराकाकूंचा. समोर तलाठी असो की गावचा जावई, काकू गाठ सोडणार, फुलं टोपलीत ओतणार आणि ओली गळकी पिशवी घडी करून त्याच्याच हातात ठेवणार. एकाने ती घ्यायला नकार दिला, तर त्याच्या स्कूटरच्या हँडलला बांधून दिली. वर विचारलं, "देवाला वाहिलंस तवा पिशवीसकट वाहिलंस काय?"

आमच्या नदीसफाईच्या गटात काकू दर रविवारी कासूहून गाडीने यायच्या. खरं सांगते, मला त्यांचा फार राग यायचा. पिशवीची गाठ कापायची नाही, सोडायचीच. एकदा मी कात्री आणली, तर त्यांनी ती लपवून ठेवली. "कुणीतरी हातानं बांधलंय. कापतेस काय गो?" अहो, हातानं बांधलं आणि त्याच हातानं नदीत फेकलं, त्याचं काय? पण काकूंपुढे बोलायची सोय नव्हती.

घराचं रंगकाम काढलं की लोकांच्या जुन्या तसबिरी पुलाखाली येतात. त्या काकूंच्या खास ताब्यात. काच वेगळी, लाकूड वेगळं, खिळे डब्यात, आणि आतले फोटो काकूंच्या पिशवीतून कासूला. देवांचे कागद भिजवून त्या खतात मिसळतात, एवढं मला ठाऊक होतं.

काकूंचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना नाशिकला न्यायला निघाला. मुलगा गुणी, त्यामुळे त्याच्यावर धड चिडताही येईना. ती कसर आमच्या गटाने निरोपसमारंभात भरून काढली. दारात भलामोठा फ्लेक्स. पाणी प्लास्टिकच्या ग्लासात. गुच्छाला चकचकीत प्लास्टिक. माझा नुसता तिळपापड झाला. अध्यक्ष म्हणाले, एक दिवस चालतं हो. बारा महिने जी बाई याच्याविरुद्ध भांडली, तिच्याच निरोपाला चालतं? लाज कशी वाटत नाही?

काकू मात्र शांत होत्या. त्यांनी गुच्छ घेतला, प्लास्टिक सोडवलं, नीट घडी केली आणि अध्यक्षांच्या हातात दिली. उरलेलं भाषण अध्यक्षांनी ती घडी धरूनच केलं. मग आम्ही काकूंना त्यांचाच फ्रेम केलेला फोटो भेट दिला. त्या तो बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता फ्रेमवरून बोलणार. त्यांनी तो पिशवीत ठेवला.

सामान आवरायला मी त्यांच्याबरोबर कासूला गेले. आतल्या खोलीची भिंत माणसांनी भरली होती. टोपीवाले आजोबा, नऊवारीतल्या बायका, नवं जोडपं, पाळण्यातलं बाळ. मला वाटलं, केवढा हा गोतावळा.

"माझे नाय गो," काकू म्हणाल्या. "तुमच्या रोह्याचेच. तसबिरींतनं आलेले. देव भिजवला की कागद होतो. माणूस कसा भिजवू?"

त्यांच्या नवऱ्याचा फोटोही त्याच रांगेत होता, कुणा अनोळखी म्हातारीच्या शेजारी. माझं डोकंच फिरलं. भिंतीला रंग दिला म्हणून आईबापांना पुलाखाली टाकतात लोक! काकूंनी मला खाली बसवलं. म्हणाल्या, घर लहान असेल बिचाऱ्यांचं, रागावू नको. नवरा गेल्यापासून संध्याकाळी दिवा लावला की यांच्याशीच दोन शब्द बोलायच्या त्या. आता मुलगा म्हणतो, बाबांचा तेवढा घे, बाकीच्यांना फ्लॅटमध्ये जागा नाही.

"माझ्याकडे द्या," मी म्हटलं. काकूंनी मान वळवली आणि पदर डोळ्यांना लावला.

एका जुन्या लुगड्यात त्यांनी सगळे फोटो गुंडाळले. नवऱ्याचा बाजूला काढला. शेवटी आम्ही दिलेली फ्रेम उघडली, आतला आपला फोटो काढला आणि सगळ्यांच्या वर ठेवला.

"काकू, हा तुमचाय. तुम्हाला दिलाय."

"तिकडं मी अख्खी जातेय की. मी मेल्यावर हा कुठल्या पुलाखाली जायचा कोण जाणे, आन् तिथं उचलाय कोण हाय? आत्ताच घे." त्यांनी गाठोड्याला करकचून गाठ मारली.

घरी आल्यावर ती गाठ काही केल्या सुटेना. नवऱ्याने कात्री पुढे केली. मी त्याच्यावर अशी ओरडले की बिचारा दचकला. मग खाली बसून, रडत रडत, नखांनी सोडवत राहिले.