डी म्हणजे चौथा नंबर

सुनेनं सांगितलेली वस्तू सांगितली तशी आणावी, की आपलं डोकं चालवावं? लातूरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात उभं राहून मी डोकं चालवायचं ठरवलं. (ते क्वचित चालतं, म्हणून चाललं की मला लई आनंद होतो.)

आमच्या मंजुषानं, म्हणजे सुनेनं, शिरूर अनंतपाळात घराच्या पडवीत मिरची कांडायचं यंत्र बसवलं. मोटारीचा एमसीबी तेवढा राहिला होता. करंट जादा झाला की आपोआप पडतो, तो खटका. "मामा, डी मागा. डीच!" तिनं बजावलं होतं.

दुकानदार म्हणाला, "बी, सी, डी, तिन्ही हायेत. कोणता देऊ?"

आता मी चौथी नापास असलो तरी एबीसीडीचा क्रम मला येतो. डी म्हणजे चौथा नंबर! कचरा निघालेली तूर अडत्याच्या तोंडावर परत करणारा मी, आणि सुनेच्या धंद्याला चौथ्या नंबरचा माल?

"ए न्हाई का?"

"ए नसतो, आप्पा."

"मग बी काढा. इज्जतीचा सवाल हाय."

वायरमन मलप्पानं तो घाईघाईत बसवला आणि उदगीरला लग्नाला पळाला.

सकाळी पूजा झाली, नारळ फुटला. भाजलेल्या मिरच्यांची टोपली घेऊन बायका पडवीत बसल्या. बसस्टँडजवळच्या जुन्या कांडपवाल्याची बायको गौरम्मासुद्धा आली होती, बघायला. आज यंत्र चाललं तर हंगाम आमचा, न्हाई तर तिचा.

मंजुषानं बटण दाबलं. मोटार 'घूं' म्हणाली आणि खट! सगळं गप.

सगळ्यांनी पॅनेलकडं न बघता माझ्याकडं बघितलं. (पंचमीला बायकांचा फेर रंगात आला असताना मेन स्विच ओढून भुताचा आवाज काढला होता मी. लोक असलं विसरत न्हाईत.)

"अहो, आज तरी!" आमची जगदेवी ओरडली.

"मी काय केलं?"

"अंगणात बसा. हात वर करा. दिसू द्या सगळ्यांना."

बसलो, पोलिसांनी धरल्यासारखा. पुन्हा घूं. पुन्हा खट!

"आप्पानं कुणाला तरी शिकवून ठेवलं असंल," शेजारची बसम्मा म्हणाली.

गौरम्मा उठली. "चला गं. आमच्याकडं मोटार चालू हाय. मिरच्या सादळतील."

दोन टोपली उचलली गेली. मंजुषाचे डोळे भरले, तसं माझं हसू पार वाळलं. मी धावत जाऊन खटक्याची दांडी अंगठ्यानं वर दाबून धरली. "दाब पोरी! कसा पडतो बघतो!"

घूं... गप. दांडी माझ्या अंगठ्याखाली वरच, आणि बेटा आतल्या आत पडलेला! (माझ्यावर कडी करणारा पहिलाच भेटला.)

मंजुषा स्टुलावर चढली, खटक्यावरचं वाचून हळूच माझ्याकडं वळली. "मामा, ह्याच्यावर बी लिहिलंय."

"मग? डीपेक्षा भारीच की!"

"भारी-हलका न्हाई हो! मोटार चालू होताना घडीभर सहा-सातपट करंट ओढती. बी घरातल्या दिव्यांचा, तो लगेच पडतो. डी तेवढा झटका सोसतो, आणि खरंच बिघाड झाला तरच पडतो."

माझा मुलगा वीरेश डी आणायला गाडीवरून पळाला. (गल्लीच्या टोकालाच मिळत होता म्हणे. मी लातूरला गेलो होतो.) तोवर बायका थांबवायच्या कशा? माझ्याकडं एकच माल होता, माझी अब्रू. ती काढली विकायला. नंबराची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. उचललेली टोपली खाली आली. गौरम्मासुद्धा पोट धरून हसली.

वीरेशनं मेन बंद करून डी बसवला. मंजुषानं बटणावर बोट ठेवलं. घूं... घूं... आणि मोटार धडधडत सुटली! पडवीभर तिखटाच्या शिंका.

डोळे पुसत मी जगदेवीला म्हणालो, "मला काय ठाऊक, चौथ्या नंबरचा एवढा टिकतो म्हणून?"

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी डीच हाय. बी असते तर तुमचं तोंड बघून मांडवातच खट झाले असते."